अकोल्याची मॅच आणि धामणगावची लाइन

अकोल्यात राहून अकोल्याविरुद्ध लिहिणं जड जातं, म्हणून हे प्रकरण मी मुद्दाम माहेरी, अमरावतीला येऊन लिहिते आहे. अकोल्याच्या ज्या कॉलेजच्या पोरांनी माझ्या बापाचं रक्त वर्षानुवर्षं आटवलं, त्याच कॉलेजात माझे शोहर शिकले. निकाहाची बोलणी चालली होती तेव्हा अब्बांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, घरदाराचा नव्हता. "बास्केटबॉल खेळत होते का?" असं त्यांनी विचारलं. हे नाही म्हणाले, म्हणून आमचं लग्न झालं. पुढे कळलं की खेळत नव्हते, पण मैदानाच्या कडेला उभं राहून शिट्ट्या मात्र मारत होते. ते कळेपर्यंत मला दोन मुलं झाली होती, त्यामुळे कोणाचा इलाज चालला नाही.

आमचं अमरावतीचं घर म्हणजे पुढे गाद्या-रजयांचं दुकान, मागे दोन खोल्या आणि वर गच्ची. गच्चीच्या मागच्या कठड्याला लागून आमच्या इथल्या कॉलेजची भिंत, आणि भिंतीपलीकडे बास्केटबॉलचं मैदान. खाली दिवसभर कापूस पिंजायची मशीन घरघरत असे आणि त्याचा भुरा सगळीकडे उडे. वरणात भुरा, चहात भुरा, अम्मीच्या पापण्यांवर भुरा. चार वाजले की मशीन थांबायची आणि मागून सिमेंटवर चेंडू आपटल्याचा आवाज सुरू व्हायचा. तो ऐकला की अब्बा हात झटकून जिना चढत. पाठोपाठ सायकलवाले हरिभाऊ येत. त्यांचं दुकान आमच्या समोरच होतं, आणि चार वाजता पंक्चर झालेल्या माणसानं सायकल ढकलत घरी जावं असा त्यांचा रिवाज होता. मग अम्मी कोथिंबिरीच्या, म्हणजे आमच्या भाषेत सांबाराच्या, वड्या तळून पाठवी. कढईचा चर्र आवाज, खालून चेंडूचा धप्प आवाज आणि वरून अब्बांचा आवाज, हे ऐकतच मी मोठी झाले.

घरात आम्ही हिंदी बोलत असू, पण अब्बा गच्चीवर गेले की वऱ्हाडीत शिरत. हिंदीत शिवी दिली की ती शिवी वाटते, वऱ्हाडीत दिली की सल्ला वाटते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते दिवसभर दुकानात इतकं कमी बोलत की गिऱ्हाईकाला वाटावं, यांना गादी विकायची आहे की नाही. आणि चार वाजता तेच अब्बा कठड्यावरून अर्धे बाहेर लोंबकळून ओरडत, "अबे पास दे ना! काहून देत नाई? बॉल काय तुह्या सासऱ्यानं देला का?" माझा आवाज त्यांच्यावर गेलेला. मला त्यांनी लहानपणापासून शेजारी उभं करून घेतलं होतं आणि त्यांचा घसा बसला की मी सुरू होत असे. अम्मी खालून म्हणायची, "अजी, बेटी की आवाज चौक तक जाती." अब्बा अभिमानानं म्हणत, "उसके आगे भी जाती."

आता संघाबद्दल. कॉलेजात खेळ पुष्कळ आणि फिजिकल डायरेक्टर एकटे इंगोले सर. सर मूळचे खो-खोचे. खो-खोत पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत वळायचं नसतं, आणि हा नियम सरांच्या हाडात इतका मुरला होता की आमची पोरं बास्केटबॉलमध्येही सरळ टोकापर्यंत धावत आणि मगच वळत. तोवर समोरचा संघ चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला पोचलेला असे. "वळ बे! वळ ना! तिकडं कोण हाय तुहं?" असं हरिभाऊ कपाळावर हात मारून ओरडत. सरावाच्या सुरुवातीला सर सगळ्या संघाला ओळीनं उकिडवं बसवत. एवढाली उंच पोरं, पाहुण्यांची वाट बघत पंगतीत बसल्यासारखी बसलेली. अब्बा मला म्हणत, "पाह्य, तुहा संघ. आता वाढपी आले की सुरू करतीन."

निवडीची तऱ्हाही सरांचीच. प्रवेशाच्या दिवसांत ते कचेरीच्या खिडकीशी उभे राहत. खिडकी बुटकी होती. तिच्यात डोकावायला ज्याला फार वाकावं लागे, त्याच्या खांद्यावर सरांचा हात पडे आणि तो संघात येई. प्रल्हाद असाच आला. धामणगावच्या पलीकडच्या खेड्यातला, ज्वारीच्या धांड्यासारखा उंच, आणि त्याआधी बास्केटबॉल पाहिलेला नाही. रिंग बघून तो म्हणाला होता, "सर, याले जाळी लावली, पण खालून फाटकी हाय." तरी त्याच्याशिवाय आमच्याकडे सेंटर नव्हता. उडी मारत नसे, पण त्याला मारावीही लागत नसे. सराव संपला की तो भिंतीवरून हात उंच करून गच्चीतून खाली धरलेली वड्यांची ताटली घेई आणि भिंतीपलीकडे उभ्या उभ्या खाताना अब्बांची दहा मिनिटांची बोलणी ऐकून घेई. प्रत्येक वाक्याला "हो काका" म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच खेळे.

ती वर्षं वऱ्हाडातल्या कापसाला वाईट होती. वर्तमानपत्राचं पहिलं पान अब्बा वाचत नसत, ते उलटून सरळ खेळाचं काढत, आणि पहिलं पान आधी चुलीपाशी जाई. लग्नात मुलीला दोन गाद्या देणारे लोक एकीवर आले होते, मग तीही घरातलीच जुनी पिंजून घेऊ लागले. दिवाळीनंतर वर्गातली खेड्यावरची पोरं कमी होत. मास्तर हजेरी घेताना त्यांच्या नावावर जरा थांबत आणि पुढे जात. दुकानात काम नसे, म्हणून अब्बा चारच्या आधीच, तीनला गच्चीवर जाऊन बसू लागले. रिकाम्या मैदानाकडे बघत बसत. आज मला वाटतं, त्या संघाला शिव्या देणं हे त्या माणसाचं दिवसातलं एकच असं काम होतं, जे त्याला मनासारखं जमत होतं.

दरवर्षी झोनच्या स्पर्धेत पहिलीच मॅच अकोल्याशी पडे आणि दरवर्षी आम्ही हरून येत असू. अब्बा आणि हरिभाऊ स्वतःच्या खर्चानं अकोल्याला जात, मॅचभर ओरडत आणि परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत एकमेकांशी बोलत नसत. त्या वर्षी मात्र प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की यंदाही पहिल्याच मॅचला हरलात तर संघ बंद. पोरं आता स्कूटर-मोटरसायकलीवर येतात, त्या ठेवायला जागा नाही, तेव्हा मैदानावर पत्रे टाकून व्हेइकल स्टँड करू. ही बातमी हरिभाऊंनी आणली. मला वाटलं, अब्बा आता प्राचार्यांच्या सात पिढ्या काढतील. ते मात्र ताटलीतली वडी तशीच ठेवून खाली गेले आणि काम नसताना मशीन चालू करून बसले. अम्मी घाबरली. म्हणाली, "इनकी तबियत देखो, आज चिल्लाए नहीं."

मॅचच्या आदल्या दिवशी इंगोले सर आमच्या दारात आले. जिथून त्यांचा रोज उद्धार होई त्या घरात ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते, त्यामुळे अब्बांनी स्वतः स्टूल पुसून दिलं. सर बसले नाहीत. म्हणाले, "भाई, प्रल्हाद येत नाई. त्याच्या बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, अन् कापसाची गाडी धामणगावच्या खरेदी केंद्रावर लाइनीत उभी हाय. गाडीपाशी माणूस नसला की नंबर जाते. घरी दुसरं कोणी नाई. थो चार दिवसापासून तिथंच बसून हाय."

कापसाच्या लाइनी तेव्हा कोणाला नवीन नव्हत्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर दिवसचे दिवस उभे असत आणि माणसं गाडीखाली झोपत. लाइनीचा कायदा एकच होता. पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची, आणि सरकवायला माणूस नसला तर मागचा पुढे घुसणार.

"मंग बसतो ना आमी," अब्बा झटक्यात म्हणाले. "नुसतं बसाचंच हाय ना? पोट्ट्याले म्हणा, जाय खेयाले."

सर उभ्याउभ्या हसले आणि लगबगीनं निघून गेले. ते गेल्यावर अब्बांच्या लक्षात आलं की धामणगावला बसायचं म्हणजे अकोल्याची मॅच हुकणार. सरांना पाहून दुकान सोडून आलेल्या हरिभाऊंकडे त्यांनी पाहिलं. "हरिभाऊ, तुमी बसा गाडीवर. मी मॅच पाहून येतो अन् सबन सांगतो तुमाले."

"वा भाई! गाडीवर बसतो मनलं तुमी, अन् बसू मी? तुमी बसा. मी सांगतो येऊन."

"तुमाले सांगता येते का? मागच्या साली तुमी अर्धी मॅच त्या पंचाच्या टोपीचीच सांगली."

हे असं अम्मीनं जेवायला हाक मारेपर्यंत चाललं. शेवटी ठरलं ते असं की दुसऱ्याला मॅच बघायला मिळू नये म्हणून दोघांनीही गाडीवर बसायचं. दोघांनाही स्वतःच्या पोटाची शुद्ध नसल्यामुळे अम्मीनं डबा देऊन मलाही बरोबर धाडलं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही धामणगावला पोचलो. रस्त्याच्या एका कडेनं नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या, सगळ्यांवर कापूस चढवून वर ताडपत्री बांधलेली. तीन दगडांच्या चुली पेटल्या होत्या, भाकरीचा आणि बैलांच्या मुताचा वास एकत्र येत होता, कोणाचा तरी रेडिओ खरखरत होता. प्रल्हाद गाडीवर उंच बसला होता म्हणून लांबूनच सापडला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं आम्हाला बैल दाखवले, पाणी कुठून आणायचं ते सांगितलं, आणि अब्बांचा हात धरून म्हणाला, "काका, दुपारपर्यंत तं लाइन हालत नाई. चार दिवसात तीनदा हालली. तुमी नुसते बसा." मग कॅनव्हासचे बूट गळ्यात अडकवून तो स्टेशनाकडे पळत सुटला.

त्यानंतर तासाभरात लाइन हलली. पुढे कुठेतरी फाटक उघडलं, आरोळ्या उठल्या आणि आमच्या पुढची गाडी चालू लागली. अब्बांनी आयुष्यभर कापूस हाताळला होता, पण तो गाडीतून उतरल्यावरचा. हरिभाऊंना चाकाची माहिती होती, तीही रबरी चाकाची. दोघांनी धावत जाऊन बैल सोडले आणि जुवाखाली आणले. जुंपलेसुद्धा. फक्त उजवीकडचा बैल डावीकडे आणि डावीकडचा उजवीकडे. जन्मभर एका अंगाला चाललेले ते बैल दुसऱ्या अंगाला जाताच भांबावले, एकमेकांना शिंगं लावायला लागले, आणि गाडी पुढे जाण्याऐवजी रस्त्यात आडवी झाली.

मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन्ही बाजूंच्या गाड्यांवर कापसावर मांडी घालून बसलेले लोक उठून उभे राहिले आणि ओरडू लागले.

"अबे वळव! वळव ना बे त्याले!"

"काय करून राहिला हा माणूस? कासरा ओढ! तो नाई, दुसरा!"

"यायले कोनं पाठवलं बे गाडीवर? कोनी शिकवलं का नाई यायले?"

एक म्हातारबुवा तर तंबाखू मळता मळता शांतपणे म्हणाले, "दोघायलेबी बदला. नवीन घ्या." मी हसून हसून गाडीच्या दांडीला टेकले. अब्बा घामानं भिजले होते, टोपी एका कानावर आली होती. ते थांबले, सगळ्या गाड्यांकडे फिरून पाहिलं आणि किंचाळले, "वर बसून सांगाले काय जाते तुमच्या बापाचं? खाली उतरून करून पाहा!"

हरिभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. अब्बांनीही हरिभाऊंकडे पाहिलं. पण तेवढ्यात मागचा एक ट्रॅक्टर आमच्या मोकळ्या जागेत घुसायला लागला होता. प्रल्हादचा नंबर डोळ्यांदेखत चालला होता. मी धावत गेले, ट्रॅक्टरच्या पुढ्यात हात पसरून उभी राहिले आणि घशात होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढला. काय ओरडले ते आता आठवत नाही, पण ट्रॅक्टर थांबला आणि ड्रायव्हरनं दोन्ही कानांवर हात ठेवले. एवढ्या वर्षांच्या गच्चीवरच्या तालमीचा उपयोग झाला तो एवढाच. मग तंबाखूवाले बुवा खाली उतरले, बैलांची अदलाबदल केली, चार जणांनी चाकांना हात लावला आणि गाडी जागेवर आली. बुवा अब्बांना म्हणाले, "होते भाई, पयल्या बारीले होते." त्यानंतर अब्बा बराच वेळ कापसावर पाठ टेकून आभाळाकडे बघत पडून होते.

दुपार सरली, डबा संपला, तिकडे मॅच संपून गेली असणार. कोणाला विचारावं, कुठे फोन करावा, काही ठाऊक नव्हतं. हरिभाऊ म्हणाले, "हारले असतीन." अब्बांनी टोपी डोळ्यांवर ओढली. ऊन उतरायला लागलं तेव्हा स्टेशनाकडून रस्त्यानं उंच उंच पोरांचा घोळका येताना दिसला. घरी जायला बडनेऱ्याला उतरायचं सोडून सगळा संघ प्रल्हादबरोबर इथवर आला होता. सर सगळ्यात मागे होते, चेंडूची जाळी खांद्यावर. प्रल्हादनं आल्या आल्या आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, नंबर कुठे आहे ते पाहिलं. शेवटी हरिभाऊंनीच विचारलं, "मॅच सांग ना बे!"

"जिकलो न काका," प्रल्हाद म्हणाला, जणू विहिरीला पाणी आहे असं सांगावं तसं.

एवढ्या वर्षांनी मिळालेली ती एक जीत आमच्यापैकी कोणीही पाहिली नव्हती. हरिभाऊ मटकन खाली बसले. अब्बांचा चेहरा आनंदानं फुलला, आणि मग हळूहळू त्यावर काहीतरी दुसरंच आलं. "इतके साल मी होतो तवा काहून नाई जिकले बे?"

पोरगा सरळ मनाचा, त्याला विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. "काका, आज ऐकू येत होतं. सर बोलले ते ऐकू येत होतं, एकमेकायचं ऐकू येत होतं. बाहेरून कोनी काई सांगून नाई राहिलं, तं डोस्कं शांत होतं."

सर घाईघाईनं म्हणाले, "तसं नाई भाई, अकोल्याचे दोन पोट्टे आजारी होते," पण सरांना खोटं बोलता येत नसे. अब्बा गाडीवरून उतरले. मला वाटलं, आता रागावून चालू पडतील. ते प्रल्हादसमोर उभे राहिले, मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दाखव मले. कसे जिकले ते खेयून दाखव. मी बोलत नाई."

खरेदी केंद्राच्या अंगणात मोकळी, चोपून काढलेली जागा होती. तिथे आमच्या संघानं आपली मॅच पुन्हा खेळून दाखवली. अर्धी पोरं अकोल्याची झाली. रिंग नव्हती, म्हणून दोन टोकांना दोन जण गाड्यांवर चढून हातांचं कडं करून उभे राहिले. धूळ उडत होती, चेंडू मातीत नीट उसळत नव्हता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ही पोरं एकमेकांकडे बघून खेळतात, गच्चीकडे बघून नाही. टोकापर्यंत धावून मग वळायची सरांची खोडही होतीच, पण आता दुसरा एक जण मागे थांबलेला असे आणि चेंडू त्याच्याकडे जाई. ज्या गोष्टीला आम्ही इतकी वर्षं हसत होतो तिचा दुसरा अर्धा भाग आम्हाला कधी दिसलाच नव्हता. गाड्यांवरचे लोक तर पार पेटले होते. ज्यांनी जन्मात हा खेळ पाहिला नव्हता ते "दे ना बे त्या लंब्याले!" म्हणून गर्जत होते. मीही ओरडले, मला राहवलं नाही. अब्बा मात्र हरिभाऊंच्या शेजारी जमिनीवर उकिडवे बसले होते. त्यांनी आपली टोपी काढून तोंडावर घट्ट धरली होती आणि ते मागे-पुढे डोलत होते.

शेवटची बास्केट झाली. प्रल्हादनं नेहमीसारखीच उडी न मारता ती टाकली आणि गाड्यांवर एकच गलका झाला. सर येऊन अब्बांजवळ वाकले. "भाई, ओरडा आता. संपली मॅच."

अब्बांनी टोपी बाजूला केली. दोनदा घसा खाकरला. मग सरांच्या कानाशी तोंड नेऊन, अम्मीशीसुद्धा ते कधी बोलत नसत इतक्या हळू आवाजात म्हणाले, "सर, राग नका मानू. थो कोपऱ्यातला बुटका पोट्टा हाय ना, थो नुसता उजव्याच हातानं खेयते. त्याचा डावा हात सुधरवा लागते."

"मालूम हाय भाई," सर म्हणाले. "पुढच्या साली करू."

अब्बांनी हरिभाऊंचं मनगट पकडलं. "ऐकलं का?" ते म्हणाले. "पुढच्या साली." आणि एवढ्या गाड्यांच्या, बैलांच्या, अनोळखी माणसांच्या देखत माझा बाप हमसून हमसून रडायला लागला.